पाच पाट आणि एक रॅक : धायरीतील एका खोलीची मांडणी

घर आणि तक्रार

हे प्रकरण पुण्याच्या धायरी भागातील एका भाड्याच्या वन बीएचके घराचे आहे. त्यातील बेडरूम 10 फूट बाय 9 फुटांची असून ती दोघींची होती : चौथी संपवून पाचवीत जाणारी दहा वर्षांची मुलगी आणि तिची सत्तरी ओलांडलेली आजी. आईवडील बाहेरच्या खोलीत झोपत. आई त्याच खोलीत शिलाई मशीनवर ब्लाउज शिवण्याची आणि पिको-फॉलची कामे करीत असे, तर वडील नऱ्ह्यातील एका छोट्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळत. ‘मुलांची स्वतंत्र खोली’ ही कल्पना अशा घरात जशीच्या तशी लागू पडत नाही. इथे खोली दिवसा मुलीची असते, दुपारी आजीच्या वामकुक्षीची असते, आणि रात्री दिवाणावर आजी व जमिनीवर गादी टाकून मुलगी अशी ती दोघींची होते. मांडणीचा कोणताही विचार या तीन पाळ्या गृहीत धरूनच करणे भाग होते.

मुलगी सतत काही ना काही करणारी. चित्रे काढणे हा त्यातला लहानसा भाग होता. पुठ्ठ्याची घरे, चिंध्यांच्या बाहुल्या, मातीची भांडी, बाटल्यांच्या झाकणांची चाके लावलेल्या गाड्या आणि दिवाळीच्या किल्ल्यासाठी वर्षभर चाललेली जमवाजमव असा तिचा पसारा होता. शाळेत ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा विषय तासापुरता असतो; या मुलीने तो घरभर नेला होता. आईची तक्रार अर्थातच पसाऱ्याची होती. रोज संध्याकाळी दिवे लागणीच्या सुमारास ती खोली आवरायला घेत असे, त्यात काहीतरी मोडत असे किंवा केराच्या टोपलीत जात असे, आणि मग रडारड होत असे. आजींची तक्रार वेगळी आणि माझ्या मते अधिक गंभीर होती. रात्री उठून बाथरूमला जाताना त्यांच्या पायाखाली खडू, मणी, एकदा तर टाचणी आली होती. त्या वयात घसरून पडणे म्हणजे काय, हे त्या घराला समजावून सांगण्याची गरज नव्हती.

मी लहान घरांच्या मांडणीची कामे करते. आईने पिकोच्या कामातून साठवलेले 4,000 रुपये हीच या कामाची कमाल मर्यादा होती आणि ती तिने पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितली. माझे मानधन दोन ब्लाउज शिवून देण्याच्या रूपात ठरले. ते या हिशेबात धरलेले नाही. दुसरी मर्यादा घरमालकांची होती. अकरा महिन्यांचा भाडेकरार होता आणि भिंतीला नवा खिळासुद्धा ठोकायचा नाही अशी तोंडी अट होती. त्यामुळे भिंतीवर फळ्या लावणे हा लहान खोलीचा नेहमीचा उपाय आरंभीच बाद झाला.

आधीचे दोन प्रयत्न

मी येण्यापूर्वी त्या घराने हात टेकून बसणे पसंत केले होते असे नाही. आईने एका सुट्टीत सगळे सामान तीन मोठ्या पिशव्यांत भरून लोखंडी कपाटावर ठेवून दिले होते. कपाट साडेसहा फूट उंच. मुलगी खुर्चीवर चढून पिशवी खाली ओढत असे आणि हवी ती एक वस्तू मिळवण्यासाठी सगळी पिशवी जमिनीवर पालथी करीत असे. तो प्रयत्न आठवडाभर टिकला.

वडिलांचा प्रयत्न अधिक अभ्यासपूर्ण होता. पुण्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या माणसाला ‘फाइव्ह एस’ ठाऊक नाही असे सहसा होत नाही : नको ते वेगळे काढणे, हवे ते जागेवर लावणे, साफसफाई, ही घडी सगळीकडे सारखी ठेवणे आणि तिची सवय लावणे, अशा पाच जपानी शब्दांवर उभी असलेली ही पद्धत. त्यांनी एका पुठ्ठ्यावर कात्री, पट्टी, ब्रश, पंचिंग मशीन यांच्या बाह्याकृती काढून प्रत्येकीच्या जागी हुक लावले, डब्यांना क्रमांक दिले आणि कपाटाच्या दारावर यादी चिकटवली. मुलीला ते आवडले. तिने पहिले दोन दिवस प्रत्येक वस्तू नेमक्या आकृतीवर परत टांगली. तिसऱ्या दिवशी पसारा पुन्हा होता तितकाच झाला, आणि त्यात विशेष असे की कात्री, पट्टी, ब्रश ही हत्यारे मात्र आपापल्या जागी टांगलेली होती. वडिलांना या गोष्टीचा उलगडा होत नव्हता. मला वाटते, या प्रकरणातला सर्वांत उपयोगी पुरावा त्यांच्या त्या पुठ्ठ्यानेच दिला. हत्यारे जागेवर असूनही जमीन भरलेली असेल, तर जमिनीवर दुसरेच काहीतरी आहे.

दोन तासांचे निरीक्षण

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी मी दिवाणाच्या कडेला बसून, कशालाही हात न लावता, मुलगी काम करताना दोन तास पाहत राहिले. ती पुठ्ठ्याची लाल एसटी करीत होती. पुठ्ठा दिवाणाखालून आला, कात्री बापाच्या पुठ्ठ्यावरून, फेव्हिकॉल खिडकीतून, चाकांसाठी झाकणे स्वयंपाकघरातल्या एका पिशवीतून. ती उठत-बसत होती हे खरे, पण त्याने तिचे काम अडत नव्हते. उलट प्रत्येक फेरीत तिला नवे काहीतरी सुचत होते. एका फेरीत ती शिलाई मशीनखालून सोनेरी काठाचा तुकडा घेऊन आली आणि एसटीला पडदे लागले. एसटीला पडदे नसतात, हे मी सांगितले नाही.

खरी अडचण सव्वापाचला उभी राहिली. चाके नुकतीच चिकटवली होती. पांढरा फेव्हिकॉल वरवर धरतो लवकर, पण पुरता वाळायला काही तास घेतो, आणि तोवर वस्तू हलवली की सांधा सरकतो. इतक्यात आजी पडायला आल्या. त्यांच्या वाटेत गाडी होती. मुलीने ती दोन्ही हातांनी उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, कट्टा अरुंद, गाडी तिरकी बसली आणि मागचे एक चाक निसटले. ‘‘कालपण असंच झालं होतं,’’ एवढेच ती म्हणाली आणि गाडी सोडून दुसरे काहीतरी घेऊन बसली.

त्यानंतर मी आणि तिने मिळून खोलीतल्या अर्धवट वस्तू मोजल्या. एसटी धरून सात निघाल्या : एक डोळा बाकी असलेली बाहुली, झाकण नसलेली मातीची सुगडी, वाळत घातलेले आणि विसरलेले एक चित्र, मण्यांची माळ जिचा दोरा संपला होता, छताविना एक घर, आणि एक ‘जहाज किंवा पलंग, अजून ठरलं नाही’ अशी वस्तू. आई ज्याला पसारा म्हणत होती त्याचा मोठा भाग हाच होता. डबे, क्रमांक आणि आकृत्या यांनी साहित्याला जागा दिली होती, तयार वस्तू कपाटावर मिरवत होत्या, परंतु मधल्या अवस्थेला या घरात पत्ताच नव्हता. जिला पत्ता नाही ती वस्तू जमिनीवर राहते, आणि जमीन तर रात्री गादीसाठी मोकळी हवी असते.

हे मी वडिलांना सांगितले तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि मग कपाळावर हात मारून हसले. ‘‘अहो, आमच्याकडं डब्ल्यूआयपीचं वेगळं रॅक असतं. तेच तेवढं घरी ठेवायचं राहिलं की!’’ कारखान्यात अर्ध्या झालेल्या मालाला, म्हणजे ‘वर्क इन प्रोग्रेस’ला, स्वतंत्र जागा, स्वतंत्र ट्रे आणि स्वतंत्र चिठ्ठी असते. ते रोज तेच सांभाळत होते. पुढची सगळी योजना या एका वाक्यावर उभी राहिली, आणि त्यामुळे ती त्यांना पटवून देण्याचे श्रमही वाचले.

सामानाची वाटणी

त्याआधी साहित्य निवडणे आवश्यक होते. त्यासाठी जमिनीवर दोन जुन्या चादरी पसरल्या आणि सगळे सामान त्यांवर ओतले. मी माझ्या सवयीने कागद, रंग, कापड, माती असे गट सुचवले. मुलीने ते ऐकून घेतले आणि मग स्वतःचे केले : ‘चिकटवायचं’, ‘चमकणारं’, ‘माणसं’, ‘चाकं आणि गोल’, आणि सर्वांत मोठा ढीग ‘काहीतरी होईल’. माझ्या गटांत बाटलीचे झाकण प्लास्टिकमध्ये गेले असते. तिच्या लेखी ते चाक होते. वस्तू कशाची बनली आहे यापेक्षा तिचे काय होणार आहे यावर ती विचार करीत होती, आणि शोधणारी तीच असल्याने गट तिचेच राहिले पाहिजेत असे मी ठरवले. चिठ्ठ्याही तिनेच केल्या. अक्षरे कमी, चित्रे जास्त.

‘माणसं’ या गटात बाहुल्यांच्या बरोबरीने किल्ल्यावरचे मावळे होते. पुण्यात दिवाळीच्या आधी रस्तोरस्ती रंगवलेले मातीचे मावळे, तोफा, सिंहासनावर बसलेले महाराज विकायला येतात, आणि घरोघरच्या मुलांकडे आदल्या वर्षांचे हातमोडके मावळे जपून ठेवलेले असतात. या घरात ते वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते व दरवर्षी दोन-चार फुटत होते. आता ते आईच्या शिलाईतून उरलेल्या चिंध्यांत रचून एका पेटीत गेले. चिंध्यांनाही त्यामुळे जागा मिळाली.

‘काहीतरी होईल’ या ढिगावर मात्र घरात मतभेद झाला. आईच्या मते तो सगळा रद्दीवाल्याचा होता. मला तसे वाटत नव्हते, कारण एसटीचे पडदे त्याच जातीच्या वस्तूंतून आले होते; पण त्या ढिगाला मर्यादा नसेल तर कोणतीही मांडणी टिकणार नाही, हेही तितकेच खरे होते. तडजोड अशी ठरली की त्या गटाला एकच पेटी मिळेल, तिचे झाकण बंद झाले पाहिजे, आणि आत काय राहील व काय जाईल हे मुलगी ठरवेल. पुठ्ठ्याचा नियम याहून कडक ठेवला. खोकी सपाट करून दाराच्या मूळच्या हुकाला अडकवलेल्या एका पोत्यात उभी राहतील तेवढीच ठेवायची. पुठ्ठ्याच्या पन्हाळ्या-पन्हाळ्यांच्या मधल्या थरात झुरळे आसरा घेतात आणि त्याचा डिंक त्यांना व कसरीला खाद्य पुरवतो, त्यामुळे पावसाळ्यात दिवाणाखाली पुठ्ठ्याचा साठा करणे हे पसाऱ्यापेक्षा वाईट आहे.

खरेदी आणि खर्च

मे महिना हा या कामाला फार सोयीचा ठरला, कारण मार्केट यार्डात आंब्याच्या रिकाम्या लाकडी पेट्या मिळतात. आता बराचसा आंबा पुठ्ठ्याच्या खोक्यांतून येत असला तरी लाकडी पेटी अजून दिसते. चार पेट्या 160 रुपयांना मिळाल्या. पेटीचे लाकूड हलके व खडबडीत असते, फटी असतात, आणि बाहेर आलेले खिळे असतात. म्हणून ती तशीच मुलाच्या हाती देणे योग्य नव्हे. वडिलांनी पकडीने सैल खिळे काढले, उरलेले ठोकून बसवले, मग सगळ्यांनी मिळून पॉलिशपेपर मारला आणि ऑइलपेंटचे दोन हात दिले. पॉलिशपेपर, रंग, टर्पेंटाइन व ब्रश यांचे 340 रुपये झाले. रंग देण्याचे कारण शोभा एवढेच नव्हते. उघडे लाकूड ओल धरते आणि त्याच्या कुसळा बोटात जातात.

टिंबर मार्केटात प्लायवूडचे कापून उरलेले तुकडे वेगळे विकतात. तिथून 4 फूट बाय 2 फुटांचा एक तुकडा 350 रुपयांना घेतला. तो दोन्ही टोकांना एकेक आंब्याची पेटी ठेवून त्यांवर टेकवला की मांडी घालून बसण्याचे मेज तयार झाले. मधल्या दोन फुटांत मुलीचे गुडघे सहज जातात. टेबल-खुर्चीचा विचार आम्ही केला होता, पण खुर्ची जागा खाते, पैसे खाते, आणि दोन वर्षांत मुलाला लहान पडते. शिवाय ही मुलगी जेवायला, अभ्यासाला, खेळायला जमिनीवरच बसत होती. रात्री फळी उचलून कपाटाशेजारी उभी केली आणि पेट्या भिंतीशी सरकवल्या की गादीला जागा होते. मुलगी डावखुरी आहे; म्हणून मेज असे ठेवले की खिडकीचा उजेड तिच्या उजव्या बाजूने येईल आणि लिहित्या हाताची सावली कागदावर पडणार नाही. संध्याकाळसाठी 280 रुपयांची एलईडी पट्टी जुन्या ट्यूबच्या जागी बसवली.

सर्वांत मोठा खर्च रॅकचा. रविवारी जुन्या बाजारात भोकाभोकांच्या लोखंडी अँगलचा, पाच पत्र्यांचा, 3 फूट रुंद आणि 15 इंच खोल असा रॅक 1,350 रुपयांना ठरला व टेम्पोचे 200 रुपये झाले. या रॅकचा गुण असा की पत्रे हव्या त्या उंचीवर नटबोल्टने बसवता येतात. मात्र लहान मूल असलेल्या घरात उभा रॅक नुसता ठेवणे धोक्याचे आहे, आणि भिंतीत स्क्रू मारण्याची परवानगी नव्हती. म्हणून रॅक खिडकीला लागून उभा केला आणि वरच्या बाजूला दोन ठिकाणी जाड तारेने खिडकीच्या ग्रिलला पक्का आवळला. अँगलची तीक्ष्ण टोके जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवून झाकली.

आता मुख्य भाग. 300 रुपयांत एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीचे, पाच तुकडे 18 इंच बाय 12 इंच अशा मापाने कापून घेतले. मुलीने त्यांना ‘पाट’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव रूढ झाले. कोणतेही काम सुरू करायचे ते पाटावर. काम थांबले, गोंद वाळायचा राहिला, आजी पडायला आल्या, शाळेची वेळ झाली, की वस्तूला हात न लावता पाटच उचलायचा आणि रॅकवर सरकवायचा. बेकरीत खारीचे ट्रे सरकवतात तसा. रॅकचा सर्वांत खालचा पत्रा जड पेट्यांसाठी ठेवला, वरचा साहित्याच्या डब्यांसाठी, आणि मधले तीन सात-सात इंचांच्या अंतराने अशा उंचीवर बसवले की मुलगी उभी राहून पाट सरळ आत सरकवू शकेल. पाट पाच, म्हणून अर्धवट कामेही पाचच. सहावे काम सुरू करायचे असेल तर आधी एक पाट रिकामा करायचा : काम पुरे करून, मोडून, किंवा त्याचे भाग ‘काहीतरी होईल’मध्ये परत टाकून. हा नियम कोणी ओरडून पाळायला लावायचा नाही, कारण जागाच तो पाळायला लावते.

साहित्यासाठी डबे विकत घ्यावे लागले नाहीत. श्रीखंडाचे डबे कोणत्याही मराठी घरात असतातच. या घरात आणि शेजारी मिळून एकाच मापाचे चौदा निघाले. मणी, बटणे, झाकणे, टिकल्या, जरीचे तुकडे त्यांत गेले, आणि झाकणाऐवजी डब्याच्या पोटावर चित्राची चिठ्ठी लावली. कात्री लांब दोरीने मेजाच्या पेटीला बांधली. ओली चित्रे वाळवण्यासाठी ग्रिलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून तिला कपड्यांचे चिमटे लावले. दोरी आणि चिमटे 60 रुपयांचे. एस आकाराचे हुक आणि साखळी 90 रुपयांची.

या सगळ्यात एक खरेदी चुकली आणि तिला मीही होकार दिला होता. तुळशीबागेतून आईने 650 रुपयांचा तीन कप्प्यांचा रंगीत प्लास्टिकचा ड्रॉवर आणला. दिसायला तो खोलीतली सर्वांत नीटनेटकी वस्तू होता. मुलीने त्यात रंगीत कागद आणि कापड ठेवले आणि ती दोन्ही विसरून गेली, कारण कप्पे अपारदर्शक होते व जे समोर दिसत नाही ते तिच्या हातातल्या कामात येत नव्हते. महिन्याभरात तो ड्रॉवर आजींच्या औषधांचा, मोज्यांचा आणि जपमाळेचा झाला. बजेटच्या जवळजवळ सहाव्या भागाची ही चूक होती. घाईत नीटनेटकेपणा विकत घेऊ नये हे मी इतरांना सांगते, तिथे मात्र बोलले नाही.

इथवर खर्च 3,780 रुपये झाला.

कडप्पा

खोलीत एक गोष्ट अशी होती जिची किंमत कोणी केली नव्हती. दाराच्या बाजूच्या कोनाड्यात कडप्प्याच्या तीन फळ्या बसवलेल्या होत्या, प्रत्येकी 3 फूट रुंद आणि 15 इंच खोल. पुण्याच्या अनेक इमारतींत अशा काळ्या कडप्प्याच्या मांडण्या आढळतात. सर्वांत खालची फळी जमिनीपासून 30 इंचांवर होती आणि तिच्यावर एक बॅग, पापडांचा डबा व जुनी मासिके होती. ती सगळी वरच्या दोन फळ्यांवर आणि कपाटावर गेली. खालची फळी मातीकामाला दिली. दहा वर्षांच्या मुलीला उभ्याने मळण्या-थापण्याचे काम करायला 30 इंच ही जवळपास नेमकी उंची आहे, कोपराच्या थोडी खाली. दगड ओला झाला तरी बिघडत नाही, ओल्या फडक्याने पुसला की स्वच्छ, आणि मातीचे पाणी जमिनीवर न सांडता तिथेच थांबते. खाली उरलेल्या पोकळीत माती भिजत ठेवायची बादली बसली. या एका फेरबदलाला एक पैसाही लागला नाही, आणि माझ्या मते रॅकच्या खालोखाल त्याचाच उपयोग झाला.

दुसरा फुकटचा उपाय वडिलांचा. त्यांनी पिवळी चिकटपट्टी आणून दिवाणापासून दारापर्यंत अडीच फूट रुंदीची वाट जमिनीवर आखली, कारखान्यात आखतात तशी. पट्टीच्या आत काहीही ठेवायचे नाही. मुलीने तिला ‘आजीचा रस्ता’ असे नाव दिले, त्यावर एक झेब्रा क्रॉसिंगही काढले, आणि तो नियम तिने इतरांपेक्षा अधिक काटेकोरपणे पाळला. आईची कापडाची पिशवी एकदा त्या वाटेत आली तेव्हा दंड मागण्यात आला.

पावसाळा

जूनच्या मध्यात शाळा सुरू होण्यापूर्वी खोली लावून झाली. खरी परीक्षा ऑगस्टमध्ये झाली. मी पुन्हा गेले तेव्हा जमीन मोकळी होती, रॅकवर चार पाट भरलेले होते, परंतु त्यांतल्या दोघांच्या कडा फुगलेल्या होत्या. मुलीने मातीचे काम कडप्प्यावरून उचलून पाटावर नेले होते, आणि एमडीएफला पाणी मानवत नाही हे मला ठाऊक असूनही मी ते तुकडे उघडेच ठेवले होते. ही चूक सर्वस्वी माझी. त्यावर दोन गोष्टी केल्या : 110 रुपयांचे टेबलाचे रेक्झिन आणून पाचही पाटांना वरून व कडांना चिकटवले, आणि ओल्या मातीसाठी आईने स्वयंपाकघरातला कान तुटलेला एक ॲल्युमिनियमचा थाळा दिला. खर्च 3,890 रुपयांवर पोचला. उरलेल्या 110 रुपयांचे काय करायचे हे मुलीने ठरवले. तिने दोन बारीक ब्रश आणि एक पांढऱ्या रंगाची बाटली घेतली.

कागदांचा प्रश्नही पावसाळ्यानेच पुढे आणला. दमट हवेत चित्रांचे कागद वळतात व एकमेकांना चिकटतात. पुठ्ठ्याचे दोन मोठे तुकडे घेऊन त्यांना तीन बाजूंनी नाड्या लावल्या आणि त्यात चित्रे सपाट घालून ते पुडके दिवाणाच्या गादीखाली सरकवले. घडीची साडी गादीखाली ठेवण्याची आजींची जुनी सवय होती. त्यांनीच ही जागा सुचवली. कसरीसाठी वाळवलेला कडुनिंबाचा पाला घातला. डांबरगोळ्या मी सुचवल्या नाहीत, कारण त्या विषारी असतात आणि त्यांचा वास अंथरुणाजवळ नको.

गणपतीच्या आधी मुलीने शाडूची छोटी मूर्ती केली. ती उन्हात न ठेवता कडप्प्यावरच सावलीत हळूहळू वाळू दिली, कारण शाडू भरभर वाळला की तडकतो. त्या दहा-बारा दिवसांत ती फळी इतर कशालाही मिळाली नाही आणि त्याबद्दल कोणाचीही तक्रार झाली नाही.

काय साधले, काय राहिले

दिवाळीच्या सुट्टीतल्या भेटीत मला जे दिसले ते सगळे समाधानकारक नव्हते. संध्याकाळची रडारड थांबली होती, हे आईने आपणहून सांगितले. आवरायला लागणारा वेळ आता गादी टाकण्याइतकाच उरला होता, आणि पाट सरकवणे हे मुलगी स्वतः करीत होती. आजींच्या पायाखाली त्या चार-पाच महिन्यांत काही आले नव्हते. इमारतीच्या पार्किंगमध्ये किल्ला उभा होता, त्यावर अळीव उगवले होते, चिंध्यांतून निघालेले मावळे सगळे शाबूत होते, आणि बुरुजावर ‘काहीतरी होईल’मधल्या शाम्पूच्या बाटलीची तोफ होती.

तयार वस्तूंचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. अर्धवट कामांना मर्यादा घालता आली, कारण त्यांना पुढे कुठेतरी जायचे असते; पुरी झालेली वस्तू कुठेच जात नाही. कपाटावर चार घरे, एसटी, तीन बाहुल्या आणि एक जहाज (ते अखेर जहाजच ठरले) दाटीवाटीने उभी होती. फोटो काढून वस्तू मोडण्याची सूचना मी केली. मुलगी विचार करते म्हणाली, पण आजींनी ती साफ नाकारली. काही वस्तू वाढदिवसाला भेट म्हणून गेल्या, एक घर शेजारच्या बाळाने खाल्ले. बाकीच्या तिथेच आहेत, आणि घर बदलायची वेळ आली की त्यांचे काय होईल हे मी विचारले नाही.

रॅकवर त्या दिवशी चारच पाट मुलीच्या कामाचे होते. पाचव्यावर रंगसंगती लावून ठेवलेले कापडाचे चौकोनी तुकडे, सुई टोचलेली दोऱ्याची रिळे आणि आजींचा चष्मा होता. आजींनी चिंध्यांची गोधडी शिवायला घेतली होती, आणि त्यांचे म्हणणे असे की काम मध्येच टाकून उठायला अशी बरी जागा त्यांना उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती. मुलीने माझ्याकडे तक्रार नोंदवली की गोधडी हिवाळ्याआधी पुरी होणार नाही आणि तोवर तिला चारच पाट मिळतील. वडील रॅकच्या भोकांकडे पाहत होते. वरच्या दोन पत्र्यांच्या मध्ये आणखी एक बसेल असे त्यांचे मत पडले.